मायन्याची जागा

१२ जानेवारी

वर मायन्याची जागा कोरी आहे, ती विसरलो म्हणून नव्हे. ‘चि. सौ.’ लिहायला घेतलं आणि हात थांबला. गेल्या वर्षी तुमचे कोर्टाचे कागद झाले, म्हणजे आता ‘सौ.’ खोडावं लागणार. खोडाखोड केलेला मायना कुणाला पाठवू नये, हे एक्केचाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेल्या माणसाला तरी सांगावं लागत नाही. सासरा होतो तेव्हा सोपं होतं. आता जागा सोडून खाली उतरलो.

लिहिण्याचं कारण एवढंच. आतल्या खोलीतल्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर, तुझा एक खोका सापडला. शर्यतीची लाल मोटारसायकल, खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्शाची. वरचं वेष्टण फाडलेलं, पण आतले भाग अजून प्लॅस्टिकच्या जाळीत अडकलेले. मोजले, दोनशेच्या वर भरले. पातळ कागदात गुंडाळून नक्षीचा आणि अक्षरांचा एक तक्ताही आहे. तू एक बॅग घेऊन गेलीस, हा मागे राहिला.

घराला रंग काढायचा आहे, त्यासाठी कपाट रिकामं करायचं आहे. पाठवून देऊ, का मीच जोडायला घेऊ? हसू नकोस. चिमट्याने मुंगीएवढा खिळा उचलून ओळीत बसवणारा हात आहे, अजून थरथरत नाही. कान मात्र मशीनखान्याने खाल्ले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. मोबाइलवर लिहावं तर तो चिरंजीवांनी लावून दिलाय, त्यात काय आलं-गेलं ते त्यांनाही दिसतं. तुझ्या लॅबचं कार्ड माझ्या चष्म्याच्या डबीत होतं, त्या पत्त्यावर हे टाकतोय.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. खोक्याचं तेवढं कळव.

एक जुना जुळारी


२३ जानेवारी

माननीय,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आमच्या लॅबमध्ये पत्रं येत नाहीत, दातांचे साचे येतात, त्यामुळे सगळ्यांनी कुणाचं म्हणून विचारलं. ओळखीच्यांचं, असं सांगितलं.

खोका टाकून दिलात तरी चालेल. मला नको आहे.

जोडायच्या भानगडीत पडू नका. ते मॉडेल नवशिक्याचं नाही. मीसुद्धा सहा-सात गाड्या केल्यानंतर ते आणलं आणि मग घाबरून वर ठेवून दिलं. पेट्रोलच्या टाकीला तीनही बाजूंनी वळणं आहेत आणि त्यावर तक्त्यातलं भलंमोठं डिकॅल, म्हणजे भिजवून चिकटवायचं चित्र, बसतं.

जोडणारच असाल (तुम्ही जोडणारच), तर सगळे भाग आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा. बोटांचं तेल राहिलं की रंग सुटतो. मग प्राइमर, म्हणजे रंगाखालचं करडं अस्तर. लालच्या खाली पांढरा द्या, करड्यावर लाल दिलात तर विटेसारखा दिसेल. फवारा लांबून मारा, इतका पातळ की काही झाकलंच गेलं नाही असं वाटावं. असे चार हात. दोन हातांच्या मध्ये थांबा. तुम्हाला थांबवत नाही, हे मला माहीत आहे.

कळावे.


९ फेब्रुवारी

‘सा. न. वि. वि.’ वाचून हसू आलं, आणि नंतर आलं नाही. ही चार अक्षरं मी पाणीपट्टीच्या नोटिशींवर जुळवायचो. पूर्वी कामासाठी बाहेरगावी गेलीस की तू मला ‘ती.’ लिहायचीस. मी चिडवायचो, की बाई गं, वडिलांना तीर्थरूप आणि वडिलांसारख्यांना तीर्थस्वरूप, यातलं माझ्या वाट्याला कुठलं? तू म्हणायचीस, टिंब दिलंय ना, काय ते समजून घ्या. असो.

तर रंग. थांबवलं नाही. चार हात एका तासात मारले. सगळे भाग न्हाणीघरात कपड्यांच्या चिमट्यांना टांगले होते, धूळ बसू नये म्हणून. टाकीच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ आला आणि तिथेच थिजला. पांढऱ्या थरात माझाच एक पांढरा केस अडकला. पांढऱ्यात पांढरा, मला काय दिसणार! वरून लाल दिला तेव्हा तो टाकीवर शीर उठल्यासारखा वर आला. बाकीचा रंग हाताला संत्र्याच्या सालीसारखा लागतो. चिरंजीव आंघोळीला गेले आणि डोक्याला मडगार्ड लागलं म्हणून तसेच बाहेर आले. काही बोलले. यंत्र कानात नव्हतं, त्यामुळे काय ते कळलं नाही. तोंडावरून ‘खेळणी’ असं वाचलं.

आता हे घासायचं, का गाडीला जन्मखूण आहे म्हणून सोडून द्यायचं? सांग. हरलो असं मात्र समजू नकोस.


२० फेब्रुवारी

नमस्कार.

केसाचं वाचलं तेव्हा मी एका गृहस्थांच्या कवळीतल्या पुढच्या दातांना रंग देत होते. मास्कच्या आत हसले. शेजारची म्हणाली, ब्रश हलतोय.

घासा. पाण्यात भिजवायचा सर्वांत बारीक पॉलिशपेपर आणा, दोन हजार नंबरचा. पाणी आणि साबणाचा एक थेंब. जोर लावू नका, कागदाला नुसतं फिरू द्या. शीर गेली की पुन्हा पांढरा, पुन्हा लाल, आणि या वेळी दोन हातांच्या मध्ये बाहेर फिरून या. कडांवर अजिबात घासू नका, तिथला रंग लगेच जातो.

मग डिकॅल. हवा तो तुकडा कापा, कोमट पाण्यात अर्धं मिनिट बुडवा, बोटाने सरकतोय का बघा आणि जागेवर सरकवा. खालचं पाणी मऊ कापडाने टिपा. वळणावर सुरकुती आली तर केस वाळवायच्या यंत्राची ऊब लांबून द्या. छोट्या जागांपासून सुरुवात करा. टाकी सगळ्यात शेवटी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मी दोन वर्षांत एकही खोका उघडलेला नाही. लॅबमधून येते, एकच खोली आहे, खिडकीशी टेबल आहे. त्याच्याशी बसते. टेबलावर काही नसतं. समोरच्या इमारतीतल्या बाई रोज सहाला झाडांना पाणी घालतात, ते संपेपर्यंत बघते.

हे सगळं कशाला लिहिलं कोण जाणे. घासताना मास्क लावा.


४ मार्च

पराक्रम ऐक.

घासलं, रंगवलं, बाहेर फिरूनही आलो, दोनदा. तिसऱ्यांदा खालच्या दुकानदाराने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. पण रंग असा आला की टाकीत माझा चष्मा दिसतो. इतकी पाठ थोपटून घेतली की छोट्या जागांपासून सुरुवात वगैरे विसरलो आणि थेट टाकीची डावी बाजू धरली. छापखान्यात घासून उठवायची अक्षरं असायची, ती कागद पालथा घालून दाबायची. हेही तसंच असणार! तक्त्यातला तुकडा भिजवला, टाकीवर पालथा घातला, अंगठ्याने दाबला, वरचा कागद सरकवून काढला. अक्षरं स्वच्छ उठली. वाचली आणि खूश झालो. रंग जरा पांढुरका होता, म्हटलं वाळल्यावर येईल.

दोन दिवस ती टाकी समोर ठेवून मी जेवलो. परवा एक पाहुणी आली होती, तिने हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, “काका, हे उलटं आहे ना?”

उलटं होतं! जन्मभर खिळ्यांवरून उलटंच वाचलं, मला ते सरळच दिसलं. पाहुणी तोंडावर हात धरून हसली. मीही हसलो, पण मनातून ओशाळलो.

आता हे काढायचं कसं ते कळव. तक्त्यात त्या बाजूचा दुसरा तुकडा नाही.


१२ मार्च

नमस्कार.

आधी टाकीचं. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून त्या अक्षरांवर दहा मिनिटं ठेवा. नखाने उचलू नका, मऊ ब्रशने कडेकडेने सोडवा. फाटलं तर फाटलं, ती जागा तशीच राहू द्या. उजवी बाजू तरी नीट लावा. कागद खाली, अक्षर वर.

आता दुसरं. मी त्या घरात चार वर्षं होते. तिथे मीटर बघायला येणाऱ्याशिवाय कुणी येत नाही. तुम्हाला काका म्हणणारी, तुमच्या जेवणाच्या टेबलावरची वस्तू उचलून बघणारी पाहुणी कोण, ते मला कळतं. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही घराला रंग काढायचाय असं लिहिलंत. कपाट कुणासाठी रिकामं होतंय ते लिहिलं नाहीत. माझी शेवटची वस्तू गोडीगुलाबीने घराबाहेर काढायची, म्हणून त्याने तुम्हाला लिहायला बसवलंय का? तसं असेल तर एक ओळ पुरली असती.

आणि आता विषय निघालाच आहे तर, त्या दिवशी दारात मी तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती. ‘बरं, बरं’ म्हणालात. आणि आज मला रंगाचे हात किती ते विचारता.

पुढचं खोक्यातल्या माहितीपत्रकात बघा. त्यात चित्रं आहेत.


२१ एप्रिल

चाळीस दिवस झाले. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. हे चौथं फाडायच्या आत टपालात टाकणार आहे.

पाहुणी म्हणजे तू ओळखलंस तीच. चिरंजीवांचं तिच्याशी ठरलंय, पुढच्या महिन्यात लग्न आहे. कपाट तिच्यासाठी. लपवलं, कारण ते कळलं की तू लिहायचं थांबवशील अशी भीती होती. मला कुणी लिहायला बसवलं नाही. उलट खोका कचऱ्यात टाका असंच मला सांगितलं होतं. एका मिनिटाचं काम. मला तो टाकायचा नव्हता. खरं सांगायचं तर जोडायचाही नव्हता. तुला लिहायचं होतं, आणि दोन वर्षं त्यासाठी हातात काही कारण नव्हतं. घरात दिवसच्या दिवस मी तोंड उघडत नाही. उघडलं तर समोरच्याला ओरडून उत्तर द्यावं लागतं, आणि ओरडताना माणसाचा चेहरा रागावल्यासारखाच होतो. मग मीच बोलत नाही.

आता दाराचं. तू काही विचारलं होतंस, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्या सकाळी तुमचं दोघांचं चाललं होतं. मी कानातलं यंत्र काढून चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. बिघडलं नव्हतं, ऐकायचं नव्हतं म्हणून काढलं. तू दारात आलीस तेव्हा उजेड तुझ्या पाठीमागे होता. चेहरा काळा दिसत होता, ओठ हलले एवढंच कळलं. वाटलं, येते म्हणालीस. म्हणून ‘बरं, बरं, पोचलीस की कळव’ म्हणालो. तू बराच वेळ बघत उभी राहिलीस. का, ते मला तेव्हा समजलं नाही.

‘काय म्हणालीस?’ दोन शब्द. बहिऱ्या माणसाला ते दिवसातून शंभरदा म्हणावे लागतात, आणि शंभर वेळा लाज वाटते, म्हणून तो हसून ‘बरं, बरं’ म्हणायला शिकतो. ज्यांचे कान धड आहेत त्यांना हे नाही कळायचं.

आता लाज सोडून विचारतो. काय म्हणाली होतीस?


२ मे

मी म्हणाले होते, “बाबा, तुम्ही एकदा थांब म्हणा. मी बॅग खाली ठेवते.”

तुम्ही हसलात आणि म्हणालात, “बरं, बरं, पोचलीस की कळव.”

जिन्यात पहिल्या वळणावर बसले होते. किती वेळ ते आठवत नाही. त्याचं बोलणं मला इतकं लागलं नव्हतं, त्याची सवय झाली होती. पण त्या घरात मला चिमटाबाई म्हणणारे तुम्ही एकटे होतात. माझ्या पर्समध्ये कायम चिमटा असतो म्हणून हसायचात आणि मी टेबलाशी बसले की तुमचा दिवा माझ्याकडे सरकवायचात. त्या माणसाने हसत हसत मला वाटेला लावलं, असं धरून मी दोन वर्षं काढली. नवं काही करायला घेतलं की ते हसणं दिसायचं.

तुम्ही ऐकलंच नव्हतं.

यावर रागवायचं कुणावर, ते मला कळत नाहीये. डबीतल्या यंत्रावर?


१४ मे

पत्र पाच वेळा वाचलं. सरळ वाचलं.

ऐकलं असतं तर काय म्हणालो असतो, याचा आठ दिवस विचार केला. खोटं लिहीत नाही. ‘थांब’ म्हणालो असतो, लगेच. आणि ते तुझ्यासाठी नसतं. या घरात माझ्याकडे वळून, ओठ दिसतील असं बोलणारी तू एकटीच होतीस. तेवढ्यासाठी तुला थांबवून घेतलं असतं. तू थांबली असतीस, रोज त्याच भांडणात दोन घास गिळले असतेस, आणि मी पुन्हा यंत्र काढून डबीत ठेवलं असतं. म्हणजे गेलीस ते बरंच झालं. पण म्हणून मी सुटत नाही. तू विचारलंस आणि मी हसलो, हे आहेच. त्याची माफी मागतो. मला फार वाईट वाटतं. दुसऱ्यांचे शब्द जुळवण्यात हयात गेली, स्वतःचे जुळवायची वेळ आली तर एवढेच सापडले.

मोटारसायकल झाली. आज पार्सल करतोय. चिरंजीवांना सांगितलं, खोका गेला. ते खोटं नाही.

दोष आधीच लिहून ठेवतो, म्हणजे तू शोधत बसणार नाहीस. साखळी सैल आहे. पुढच्या चाकावर अंगठ्याचा ठसा आहे. तक्त्यातली एकूण एक चित्रं लावली, फक्त एक नखाएवढं कुठे उडालं ते सापडलं नाही. टाकीची उजवी बाजू मात्र बघ, एक सुरकुती नाही. डावीकडचं अक्षर सोडवताना फाटलं. ती जागा नुसती लाल आहे. तू सांगितलंस तसा हात लावला नाही.

मायना अजून सुचलेला नाही.


२९ मे

ती. बाबा,

पार्सल मिळालं. लॅबमध्येच उघडलं, घरापर्यंत धीर धरवला नाही. भिंग लावून बघितली. अंगठ्याचा ठसा चाकावर एक नाही, तीन आहेत. सीट एका बाजूला कललीय. ब्रेकची नळी तुम्ही आरपार भलत्याच भोकातून नेलीय, ही गाडी खरी असती तर पहिल्या वळणावर थांबली नसती. पण टाकीचा लाल मला आजपर्यंत असा जमलेला नाही. त्यात माझा चष्मा दिसला.

डावी बाजू तीन दिवस तशीच बघितली. मग दातावर रेघ ओढायचा ब्रश लॅबमधून मागून आणला आणि ती अक्षरं हाताने काढली. उजवीकडे बघून डावीकडे, एकेक. तिसरं अक्षर किंचित पुढे झुकलंय. पुसलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा टेबलावर काहीतरी होतं. समोरच्या बाईंचं पाणी घालून कधी झालं ते कळलंच नाही.

मायन्याचं म्हणाल तर, ‘सौ.’ खोडलं गेलं तरी ‘चि.’ला कोर्टाने हात लावलेला नाही. कागद मी नीट वाचलेत.

वर मीही एक लिहिलंय. टिंब दिलंय. पुढे रूप की स्वरूप, ते तुम्ही जुळवा. खिळे तुमच्याकडे आहेत.

आणि हो. पोचलीस की कळव म्हणाला होतात, ते राहूनच गेलं होतं.

पोचले.


६ जून

चि. चिमटाबाई,

लग्न झालं. नवी सूनबाई माणूस म्हणून चांगली आहे. माझ्याशी बोलताना भिंतीकडे तोंड करते, मग मी भिंतीला उत्तर देतो. काल मात्र न हसता म्हटलं, “काय म्हणालीस?” ती वळली आणि पुन्हा सांगितलं. भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच विचारत होती.

जेवणाच्या टेबलावर गाडीची जागा मोकळी आहे. तिथे वर्तमानपत्र ठेवून पाहिलं, पण ते वाचून संपतं. दुपारचं घर फार मोठं वाटतं. टपालवाल्याची वेळ झाली की यंत्र कानात घालून जिन्याशी उभा राहतो. त्याची चप्पल पहिल्या वळणावर वाजते, ती आता ऐकू येते.

तुझं पत्र हातात घेऊन जुना खिळ्यांचा डबा काढला. ‘ती.’पुढचं जुळवून पाहिलं. रूप.

अर्धा ‘स’ आणि ‘व’ लागले नाहीत.